हेमंत-शिशिरातील अधोवस्त्र : एक दुर्लक्षित विषय

हेमंत-शिशिराची ऋतुचर्या आपणा सर्व वैद्यांस मुखोद्गत असते. अभ्यंग, उष्णोदक, स्निग्ध व गुरू आहार, आतपसेवन हे सर्व आपण रुग्णास न चुकता सांगतो. वस्त्राचा विषय आला की मात्र ‘गरम कपडे वापरा’ एवढे म्हणून पुढील रुग्णास आत बोलावतो. ग्रंथकारांनी हा विषय इतक्या घाईने उरकलेला नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सहाव्या अध्यायात, हेमंतात जड व उष्ण वस्त्र धारण करण्यास सांगितले आहे. अष्टांगहृदयाच्या तिसऱ्या अध्यायात शय्येवरील पांघरूण स्वभावतः उष्ण, परंतु हलके असावे, असा सूक्ष्म भेद आहे. पादत्राण तर सदैव वापरावे असे म्हटले आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते एका रुग्णेमुळे. घाटकोपरच्या पंतनगर भागातील साठीच्या या बाई कन्येच्या बाळंतपणासाठी हिवाळ्यात स्कॉटलंडला निघाल्या होत्या. जानुशूल जुना, मधुमेह दहा वर्षांचा. मी महानारायण तेल दिले, पथ्य सांगितले, योगराज गुग्गुळ चालू ठेवण्यास सांगितले. त्या परतल्या तेव्हा गुडघे अधिकच आखडलेले होते आणि डाव्या पिंडरीवर भाजल्याचा व्रण होता. चौकशी करता कळले की पोटापर्यंत लोकरीचा स्वेटर आणि वर कोट, पण खाली पातळ सॅटिनचा परकर व गोल साडी. आत दुसरे काही नाही. पाय गारठत म्हणून रात्री त्या तेल चोळून त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवीत. तुम्ही खाली काय नेसणार, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. पुरुष वैद्यास असा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, हे खरे. परंतु ते निमित्त झाले, समर्थन नव्हे.

त्याच बाईंनी हसत हसत सांगितले, “वैद्यबुवा, तिकडे लग्नात पुरुष घागऱ्यासारखे काहीतरी नेसतात आणि त्यांना मुळीच थंडी वाजत नाही!” हा किल्ट. त्याची रचना पाहिली की आश्चर्य मावळते. पूर्ण किल्टला सुमारे आठ वार लोकरी कापड लागते. आपल्या लुगड्याहून एक वार कमी. त्याच्या दाट निऱ्या मागील बाजूस येतात, त्यामुळे कटी व नितंब यांवर लोकरीचे अनेक पदर पडतात. पुढे दोन सपाट पदर एकमेकांवर येतात. पिंडऱ्या गुडघ्याखालपर्यंत जाड लोकरी मोज्यांत असतात. उघडा राहतो तो केवळ गुडघा. वस्त्र खालून मोकळे असले तरी पदरांमध्ये अडकलेली स्थिर हवा ऊब धरून ठेवते.

आपल्या नऊवारीचे गणित याच्या उलट आहे. काष्ट्यामुळे मांड्यांभोवती वस्त्र वेढले जाते, वारा वर शिरत नाही. मात्र पिंडऱ्या बऱ्याच उघड्या राहतात. धोतराचेही तेच. पाचवारी गोल साडी घोट्यापर्यंत येते, पण खालून सर्वस्वी मोकळी. अंगाला लागून काही नसेल तर प्रत्येक पावलासरशी आतील उबदार हवा बाहेर आणि गार हवा आत, असा भात्यासारखा व्यापार चालतो. कटी व सक्थि ही वाताची स्थाने, शीत हा वाताचा गुण, आणि वृद्धावस्था हा वाताचा काळ, हे वाचकांस नव्याने सांगावयास नको.

या प्रश्नाला सामोरी गेलेली एक मराठी स्त्री आपल्या व्यवसायाच्या इतिहासातीलच आहे. घाटकोपरहून लोकलने पाऊण तासाच्या आत पोहोचता येते त्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथील थंडीत नऊवारीमुळे पाय उघडे पडत, म्हणून त्यांनी पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी परकरावर नेसण्याचा मार्ग पत्करला. स्वदेशी वेष न सोडता थर वाढविण्याची ही युक्ती वैद्यकदृष्ट्या बिनचूक होती. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांना एम.डी. पदवी मिळाली, त्यांचा प्रबंध प्राचीन आर्यांच्या प्रसूतितंत्रावर होता, ही आपणा आयुर्वेदीयांस अभिमानाची गोष्ट. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात राजयक्ष्म्याने त्यांचे निधन झाले, वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. राजयक्ष्मा थंडीने होत नाही, तो जंतुसंसर्ग आहे. परंतु कृश शरीराला थंडीशी झगडताना किती बल खर्चावे लागते, हे आपण नाकारू शकत नाही.

मुंबईत कसली आली थंडी, असे कोणी म्हणेल. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझ येथे ७.४ अंश तापमान नोंदले गेले होते, हे सोडून देऊ. असे दिवस विरळाच. परंतु आपले रुग्ण महाबळेश्वरला जातात, चारधामला जातात, आणि आता उपनगरांतील कित्येक घरांतील वृद्ध मंडळी मुलांकडे परदेशी हिवाळा काढतात. जाण्यापूर्वी तीन महिन्यांची औषधे घ्यावयास ती आपल्याकडेच येतात.

त्या वेळी पुढील गोष्टी सांगाव्यात, असे मला वाटते. साडीच्या आत घोट्यापर्यंत येणारी, अंगासरशी थर्मलची विजार असावी आणि तिच्या टोकावर लोकरी मोजे चढवावेत. मोज्यांचे इलॅस्टिक पिंडरीवर वळ उमटवील इतके घट्ट नको. परकर सॅटिनचा नको, जाड असावा. बर्फात साडीचा काठ घोट्यावर चार बोटे राहील अशी नेसावी. सुती काठ ओला झाला की पाणी वर चढते आणि ओले सूत ऊब देत नाही. लोकर दमट झाली तरी काही अंशी ऊब राखते. चपलेऐवजी बंद पादत्राण हवे.

तेलाविषयी औषधी दुकानदार बंधूंसही विनंती आहे. तेल हे वस्त्र नव्हे. अभ्यंग स्नानापूर्वी करावा, उष्णोदकाने स्नान करून अंग कोरडे करावे, मग वस्त्र. रात्री पादाभ्यंग केल्यास तेल पुसून घेऊन स्वच्छ मोजे घालावेत. तेलकट पायांनी गुळगुळीत लादीवर चालल्यास वृद्ध माणूस घसरून पडतो. कापूर, गंधपुरा तेल किंवा मिरचीचा अर्क असलेले मलम लावल्यावर त्यावर गरम पिशवी कदापि ठेवू नये, हे वाक्य गिऱ्हाइकास बाटली देतानाच सांगावे. परदेशी जाणाऱ्यांस आणखी एक सूचना: तेलाने भिजलेले पंचे व मोजे कपडे सुकविण्याच्या यंत्रात घातल्यास धुतल्यानंतरही उरलेले तेल तापून पेट घेऊ शकते. तेलासाठी जुना पंचा निराळा ठेवावा व तो यंत्रात घालू नये.

मधुमेही रुग्णाविषयी चरकांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात त्यास स्वेदनास अयोग्य ठरविले आहे. पावलांना सुप्ती असलेल्या रुग्णास चटका कळतच नाही; माझ्या रुग्णेचे तेच झाले. तो व्रण भरून येण्यास दोन महिने लागले. म्हणून गार पडलेला प्रत्येक पाय केवळ वातज समजू नये. पावलाच्या पृष्ठभागावरील नाडी दोन्हीकडे पाहावी. ती हाती लागत नसेल, बोटे पांढरी-निळी पडत असतील, किंवा एकच पाय गार असेल, तर शेक व मर्दन दोन्ही थांबवून रुग्णास रक्तवाहिन्यांच्या तपासणीसाठी विनाविलंब पाठवावे.

त्या बाई पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गेल्या. या खेपेस मी त्यांच्या चिठ्ठीवर औषधांच्या वरच ‘विजार, लोकरी मोजे, जाड परकर’ असे लिहिले आणि गरम पाण्याची पिशवी घरीच ठेवावयास लावली.