वर्तुळाचा मध्य आणि पाच महाभूते

वर्तुळ, बिंदू, त्रिकोण आणि पंचमहाभूते यांच्या प्राचीन प्रतीकांकडे आजचे चित्रकार मोठ्या ओढीने वळत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु हे आकार ज्यांनी प्रथम आखले त्यांना ते शोभेसाठी नव्हे, तर कामासाठी हवे होते, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्यापासून खरी स्फूर्ती मिळणे कठीण. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत याची साक्ष देणारी उदाहरणे आजही पाहावयास मिळतात.

यज्ञवेदीच्या आखणीचे शास्त्र सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत सारी भिस्त शंकू आणि रज्जू यांवर, म्हणजे खुंटी आणि दोरी यांवर आहे. शंकूभोवती वर्तुळ काढावे, सकाळी आणि दुपारनंतर त्याच्या सावलीचे टोक परिघाला जेथे स्पर्श करील तेथे खुणा कराव्यात, आणि त्या जोडल्या की पूर्वपश्चिम रेषा हाती येते. गार्हपत्य अग्नीचे कुंड वर्तुळाकार, आहवनीयाचे चौकोनी, दक्षिणाग्नीचे अर्धवर्तुळाकार आणि तिन्हींचे क्षेत्रफळ मात्र सारखे, या दंडकामुळे चौकोनाचे वर्तुळ करण्याचे गणित आपल्या पूर्वजांना सोडवावे लागले. पुढे तंत्रग्रंथांनी पृथ्वीला चौकोन, जलाला अर्धचंद्र, तेजाला त्रिकोण, वायूला षट्कोण आणि आकाशाला वर्तुळ नेमून दिले.

लातूर जिल्ह्यातील निलंग्याचे नीलकंठेश्वराचे मंदिर तारकाकृती आहे. अशा मंदिराचे रहस्य मध्यबिंदूत असते : एक चौकोन त्या बिंदूभोवती अर्ध्या काटकोनाने फिरवून पुन्हा आखला की आठ कोन बाहेर पडतात, पाव काटकोनाच्या टप्प्यांनी फिरवला की सोळा, सारे कोन एकाच परिघावर विसावतात आणि वर्तुळ प्रत्यक्ष दिसत नसूनही प्रत्येक दगडाला त्याचा हुकूम मानावा लागतो. देगलूर तालुक्यातील होट्टल येथील सिद्धेश्वर मंदिरही याच चालुक्यकालीन परंपरेतले. या परंपरेच्या सभामंडपांत पुष्कळदा मधोमध गोल रंगशिला असते आणि वर छताच्या मध्यावर कमळ फुललेले असते, त्यामुळे खाली उभा राहणारा मनुष्य दोन वर्तुळांच्या मधोमध येतो.

जे पाषाणात, तेच घरोघरच्या घटात. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या माहूरच्या रेणुकेच्या या मुलखात आश्विन शुद्ध प्रतिपदेला शेतातली माती आणून पत्रावळीवर पसरतात, तीत धान्य पेरतात, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात, त्यावर विड्याची पाने व नारळ मांडतात आणि शेजारी नंदादीप अखंड तेवत ठेवतात. घटातून झिरपणाऱ्या पाण्यावर कोंब तरारतात. त्यांच्या वाढीवरून जुने शेतकरी रब्बीचा अंदाज बांधीत. माती ही पृथ्वी, पाणी हे आप, दिवा हे तेज, कोंबांना पोसणारी हवा हा वायू आणि घटाच्या पोटातली पोकळी हे आकाश. वेदान्त्यांनीही घटाकाशाचा दृष्टान्त याच मडक्यावरून घेतला.

आधुनिक चित्रकारांपैकी ज्यांना हे मर्म उमगले त्यांत सय्यद हैदर रझा अग्रगण्य. 1939 ते 1943 या काळात नागपुरात आणि नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले रझा 1950 साली फ्रान्सला गेले, आणि तेथे वर्षानुवर्षे निसर्गदृश्ये रंगविल्यावर 1980 च्या सुमारास बिंदू त्यांच्या चित्राचा आधार झाला. बालपणी चंचल मन स्थिर व्हावे म्हणून शिक्षकाने भिंतीवर ठिपका काढून त्याकडे पाहावयास लावले होते, ही आठवण ते सांगत. तो ठिपकाही प्रथम साधनच होता. प्रभाकर बरवे यांनाही 1961 ते 1965 या काळात वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात काम करताना तांत्रिक चित्रभाषेचा परिचय घडला, आणि त्यातून त्यांनी प्रतीकांची स्वतःची लिपी सिद्ध केली. दोघांनीही आकाराची नक्कल न करता त्यामागची शिस्त आत्मसात केली, म्हणूनच त्यांची चित्रे टिकली.

तेव्हा मराठवाड्यातील चित्रकलेच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, की विद्यार्थ्यांना मंडलांची तयार चित्रे गिरवावयास देण्यापूर्वी त्यांना एकदा निलंग्याला किंवा होट्टलला न्यावे, मंदिराच्या कोनांची मापे नोंदवून घ्यावीत, आणि शाळेच्या मैदानावर खुंटी व दोरी घेऊन तोच आराखडा त्यांच्याकडून आखून घ्यावा. हाताने मध्य शोधला, तरच प्रतीक आपले होईल.