शीव हरवलेलं बोईसर

बोईसर स्टेशनला पश्चिमेकडे उतरायचं आणि तारापूरच्या रस्त्याने चालू लागायचं. चित्रालयचा परिसर मागे पडतो, तरी दुकानांची ओळ तुटत नाही. बोईसर, सरावली, खैरापाडा, कोलवडे, कुंभवली, सालवड, पास्थळ ही गावं जमिनीवर केव्हाच एकमेकांत मिसळली. कुठलं घर कुठल्या गावचं, ते घरपट्टीच्या पावतीवरूनच कळतं.

अशी गावं कागदावरही एक करता येतात. जपानने १९९९ ते २०१० या काळात गावं आणि शहरं एकमेकांत विलीन केली. ३,२३२ स्थानिक संस्थांच्या १,७२७ उरल्या. तिथे माणसं आटली, तिजोऱ्या आटल्या आणि गावांच्या पाट्या उतरल्या. बोईसरला माणसं मावेनात, पाट्या मात्र जागच्या जागी. मधे उमरोळीचं एकच स्टेशन सोडलं की पालघर. तिथे नवली, टेंभोडे, अल्याळी ही गावं नगरपरिषदेत गेली. बोईसरची नगरपरिषदेची मागणीही जुनीच. पण इथला कारभार वर्षानुवर्षं ग्रामपंचायतींनीच रेटला. ग्रामपंचायत कितीही मोठी असो, कायद्याने सदस्य जास्तीत जास्त १७. कारखाने, चाळी आणि टॉवर एवढ्याच माणसांच्या सभेत कसे बसवायचे? नगरपरिषद झाली की घरपट्टी वाढेल ही गावकऱ्यांची धास्ती खोटी नाही, पण कचरा आणि गटार गावाची शीव बघून थांबत नाहीत.

नावांचा घोळ तर याहून जुना. बंदर आणि किल्ला तारापूरचा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला, त्यांचे सरदार बाजी भिवराव रेठरेकर तिथेच पडले. पुढे रेल्वे आतून गेली आणि भरभराट बोईसरकडे सरकली. मान मात्र तारापूरलाच राहिला: बोईसरला खेटून असलेली एमआयडीसी तारापूरची, अणुवीज केंद्रही तारापूरचंच. १९६९ मध्ये तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. पुढे ५४० मेगावॉटच्या आणखी दोन आल्या, २००५ आणि २००६ मध्ये. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. लोकांचं पुनर्वसन किनाऱ्यापासून दूर झालं. नव्या वस्त्यांना नावं जुनीच, पण होडी लावायला दारात समुद्र नाही. आजूबाजूची गावं न हलता शहरात विरघळली. ही दोन हलली, तरी गावंच राहिली. या पट्ट्यात कुणाचं जास्त गेलं, हे मी सांगायला नको.

२०१३ पासून चर्चगेटहून डहाणूपर्यंत लोकल धावते, त्यामुळे बोईसर गाठणं सोपं आहे. पत्ता शोधताना मात्र गावाचं नाव विचारू नका. नाका विचारा.