नरगुंदचे बंड आणि बंडखोराचा शब्द

नरगुंदचे संस्थानिक भास्करराव उर्फ बाबासाहेब भावे यांना १२ जून १८५८ रोजी बेळगाव येथे फाशी देण्यात आली. घराणे मराठीभाषक, मुलूख कन्नड. विद्याव्यासंगी अशी त्यांची ख्याती असून संस्कृत ग्रंथांचा मोठा संग्रह त्यांच्या पदरी होता. औरस वारस नसल्याने त्यांनी दत्तकाची परवानगी मागितली. ती कंपनी सरकारने नाकारली. त्यातच संस्थानांची शस्त्रे काढून घेण्याचे धोरण आले. २९ मे १८५८ च्या रात्री सुरेबान येथे पोलिटिकल एजंट मॅन्सन याचा वध झाला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत किल्ला पडला, बाबासाहेब पकडले गेले, खटला चालला आणि शिक्षाही अमलात आली.

आयर्लंडच्या रॉबर्ट एमेटचा अंत या संदर्भात तुलनेसाठी उपयुक्त ठरतो. २३ जुलै १८०३ रोजी डब्लिनमध्ये त्याने केलेला उठाव काही तासांतच फसला. त्या गोंधळात न्यायाधीश किल्वॉर्डन जमावाकडून मारला गेला आणि उठावाच्या राजकीय आशयावर खुनाची छाया पडली. २० सप्टेंबरला एमेटला फाशी झाली. मात्र आदल्या दिवशी न्यायालयात त्याने केलेले भाषण एकाहून अधिक पाठांतून टिकून राहिले. देश स्वतंत्र होईपर्यंत आपला मृत्युलेख कोणी लिहू नये, ही त्याची मागणी पुढील पिढ्यांनी पाठ केली. ते भाषण राज्यकर्त्यांच्याच इंग्रजीत असल्यामुळे त्याच्या प्रसाराला भाषांतराची अडचण आली नाही.

बाबासाहेबांच्या नावावर असे सर्वत्र पाठ झालेले भाषण नाही. एमेटच्या बाबतीत स्मृतीचा आधार बंडखोराचे वक्तव्य आहे. नरगुंदच्या बाबतीत तो आधार कृतीला मिळालेल्या नावात शोधावा लागतो. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या उपशीर्षकात १८५७ ची घटना ‘बंड’ या शब्दानेच निर्दिष्ट होती. मराठीत पुढे ‘स्वातंत्र्यसमर’ हा शब्द रूढ होत गेला आणि ‘बंड’ हा राज्यकर्त्यांच्या दृष्टीचा शब्द मानला जाऊ लागला. कन्नडमध्ये मात्र त्याच्याशी जवळीक असलेला ‘बंडाय’ हा शब्द प्रतिष्ठा पावला. १९७९ पासून एका साहित्यचळवळीने तो अभिमानाने धारण केला. जुलै १९८० मध्ये मलप्रभा कालव्याच्या लाभक्षेत्रातील कराविरुद्ध शेतकरी उठले आणि गोळीबार झाला. तेही ‘नरगुंद बंडाय’ म्हणूनच ओळखले जाते.

एकाच गावाच्या नावाशी जोडलेल्या या दोन घटनांत संस्थानिकाचा वारसाहक्क आणि शेतकऱ्याचा कर इतके अंतर आहे. ते अंतर पुसून टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु मराठी राजाची स्मृती ज्या शब्दात जिवंत राहिली तो शब्द कन्नड लोकव्यवहाराने जपला, हे लक्षात घेतल्याशिवाय बाबासाहेबांना कोणत्याही एकाच भाषेच्या वाङ्मयेतिहासात स्थान देता येणार नाही.