मुलीला घेऊन मुंबईला गेलेले अब्बाजान

रमजानचा दहावा रोजा हा परंपरेने हजरत खदीजा (रजि.) यांच्या वफातीचा दिवस मानला जातो. या सुमारास मशिदींमधून त्यांच्या आयुष्यावर बयान होते, घराघरांत त्यांची आठवण निघते. आणि याच दिवसांत, इफ्तारचे दस्तरखान उचलल्यावर, मोठी माणसे हळू आवाजात दुसराही एक विषय काढतात, तो म्हणजे ईदनंतरच्या सोयरिकींचा. कुणाचा पैगाम आला, कुणाला नकार गेला, कुणाची बोलणी अडली. आपल्या जळगाव जामोदमध्ये हे फक्त मुस्लिम मोहल्ल्यात होते असे नाही. तुळशीचे लग्न लागले की शेजारच्या आळीतही बायोडाटे फिरू लागतात आणि प्रश्न अगदी तेच असतात. पोरगा काय करतो, शेती किती, ओलिताची की कोरडवाहू, घर स्वतःचे की भाड्याचे?

महाविद्यालयात शिकवत असल्यामुळे हे प्रश्न माझ्यापर्यंतही येतात. एखादे वडील कॉलेजच्या फाटकाशी गाठतात आणि विचारतात, "सर, तुमच्या वर्गात होता तो पोट्टा, कसा आहे?" मी सांगतो की हुशार आहे, नियमित आहे, मोठ्यांशी अदबीने वागतो. ते ऐकून घेतात. थोडे थांबून खरा प्रश्न येतो, "ते ठीक हो, पण घरचं कसं आहे?" घरचे म्हणजे काय, हे दोघांनाही समजलेले असते.

दोन घरांच्या ऐपतीत अंतर असले की पहिली भेट फार अवघड होते. गरीब बाजूचा मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्याच्या अगदी कडेवर बसतो. समोरच्या बशीतले बिस्किट उचलावे की नाही, हे त्याला ठरवता येत नाही. यजमान त्याच्याशी कमी आणि त्याच्या चपलांशी जास्त बोलतात. मुलगी गरीब घरची असेल तर तिच्या आईचे लक्ष स्वतःच्या साडीच्या किंवा ओढणीच्या काठावर असते. अर्ध्या तासाची ती भेट, पण ती पुढे पन्नास वर्षे दोन्ही घरांच्या लक्षात राहते.

मक्केतील एक बैठक

हजरत खदीजा मक्केतील मोठ्या व्यापारी होत्या. त्यांचा माल काफिल्यांबरोबर शामपर्यंत जात असे. कुरैश कबिल्यातील मातब्बरांनी त्यांना मागणी घातली होती आणि त्यांनी ती नाकारली होती. पैगंबर मुहम्मद (स.) तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. वडिलांचे छत्र जन्मापूर्वीच गेलेले, आईही लहानपणी गेलेली, चुलते अबू तालिब यांच्या घरी वाढलेले, बकऱ्या राखून आणि व्यापारात दुसऱ्यांचा माल विकून कमावणारे. खदीजांचा माल घेऊन ते शामला गेले. सोबत त्यांचा सेवक मैसरा होता. परत आल्यावर मैसराने त्यांच्या सचोटीचे वर्णन केले आणि खदीजांनी आपली मैत्रीण नफीसा हिच्यामार्फत स्वतःच विचारणा केली.

मग दोन्हीकडची वडीलधारी मंडळी एकत्र बसली. निकाहचा खुतबा अबू तालिब यांनी दिला. सीरतच्या ग्रंथांत त्याचा जो आशय आला आहे, त्यात एक गोष्ट लक्ष वेधून घेते. पुतण्याची आर्थिक बाजू कमकुवत आहे, हे अबू तालिब यांनी लपवले नाही. संपत्ती ही सरकणारी सावली आहे असे सांगून त्यांनी माणसाचे मोल पुढे ठेवले. श्रीमंत सोयऱ्यांसमोर उसने अवसान आणले नाही आणि लाचारीही दाखवली नाही. आपल्याकडे मात्र बोलणी करताना भाऊबंदांची गाडी मागून आणली जाते, दुसऱ्याचा मळा आपला म्हणून दाखवला जातो आणि लग्नानंतर वर्षभरात सारे उघडे पडते.

मुंबईचे बंद दार

आता आपल्या महाराष्ट्रातील दोन वडिलांकडे पाहू. राजकारण थोडे बाजूला ठेवून वाचावे, ही विनंती.

पहिले वडील सर दिनशा पेटिट. मुंबईच्या कापड गिरण्यांतून पेटिट घराण्याची संपत्ती उभी राहिली होती. खामगावच्या बाजारातला वऱ्हाडी कापूस ज्या मुंबईकडे जायचा, त्या मुंबईतले हे बडे पारशी घर. त्यांची मुलगी रतनबाई, लाडाने रत्ती. बॅरिस्टर जिना हे कुटुंबाचे स्नेही. 1916 मध्ये त्यांनी रत्तीला मागणी घातली तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि ते चाळिशीचे. न्या. एम. सी. छागला यांनी आत्मचरित्रात एक किस्सा सांगितला आहे. दोन समाजांतील विवाहांबद्दल आपले मत काय, असे जिनांनी सर दिनशांना विचारले. त्यांनी अशा विवाहांमुळे समाज जवळ येतील, असे कौतुकाने सांगितले. लगेच जिनांनी त्यांच्याच मुलीला मागणी घातली आणि सर दिनशा संतापले.

वडिलांचा राग निव्वळ श्रीमंतीचा होता असे म्हणता येणार नाही. वयातील अंतर पाहता कुठल्याही बापाच्या काळजात धस्स झाले असते. पण बोलणे तिथेच संपले. सर दिनशांनी न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. रत्ती सज्ञान होईपर्यंत थांबली, 20 फेब्रुवारी 1918 ला अठरा वर्षांची झाली आणि एप्रिलमध्ये घर सोडून तिने निकाह केला. वडिलांनी तिच्याशी नाते तोडले. हा संसारही पुढे विस्कटला. 20 फेब्रुवारी 1929 ला, आपल्या एकोणतिसाव्या वाढदिवशी, रत्ती गेली.

याच्या पुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. तीसच्या दशकात जिनांच्या मुलीने, दीनाने, नेव्हिल वाडियांशी लग्न करायचे ठरवले, तेव्हा तेच जिना नाराज वडिलांच्या खुर्चीत बसले होते. लाखो मुस्लिम तरुणांत तुला कुणी मिळाला नाही का, अशा अर्थाचे त्यांनी विचारले आणि मुलीने त्यांनाच उलटे विचारले की लाखो मुस्लिम मुलींत तुम्हाला तरी कुणी का मिळाली नाही? हाही किस्सा छागलांनीच सांगितलेला. एकेकाळी ज्याच्यासाठी दार बंद झाले, त्याने स्वतःचे दार उघडे ठेवले असते तर? सासरच्या उंबऱ्यावर अपमान सोसलेला माणूस सासरा झाल्यावर तोच अपमान पुढे देतो, हे आपल्या गल्लीतही दिसते. त्यासाठी मलबार हिलपर्यंत जायला नको.

औरंगाबादचे अब्बाजान

दुसरे वडील आपल्याला जवळचे. बुलढाण्याच्या शेजारचे, तेव्हाच्या निजाम राज्यातील औरंगाबादचे. यहया खान हे निजामाच्या आबकारी खात्यातील अधिकारी. घर खाऊनपिऊन सुखी, अब्रूदार. त्यांची मुलगी शौकत. 1947 च्या सुरुवातीला हैदराबादमध्ये प्रगतिशील लेखकांचा मेळावा आणि मुशायरा झाला. मुंबईहून अली सरदार जाफरी, मजरूह सुलतानपुरी आणि कैफी आझमी आले होते. शौकतने कैफींना तिथे ऐकले आणि मनाने निर्णय घेऊन टाकला. तिची सोयरीक नात्यातल्या एका तरुणाशी आधीच ठरलेली होती. कैफी म्हणजे कम्युनिस्ट पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते, महिन्याला चाळीस-पंचेचाळीस रुपयांवर जगणारे. स्वतः आझमगडच्या मिजवान गावातील जमीनदार घरातले, पण ती जमीनदारी मागे टाकून आलेले. घरात वादळ उठले.

शौकत कैफी यांनी हे सगळे 'याद की रहगुजर' या आठवणींच्या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले आहे. कैफींनी रक्ताने लिहिलेले एक पत्र पाठवले. मुलीने ते वडिलांसमोर ठेवले. दुसऱ्या एखाद्या बापाने पत्र फाडले असते, मुलीला खोलीत कोंडले असते. यहया खान हसले. हे शायर लोक आरामात बसून बकरीच्या रक्ताने पत्र लिहितात आणि आपले म्हणून पाठवतात, अशी त्यांनी थट्टा केली. पण थट्टेवर विषय संपवला नाही. मुलीला म्हणाले की मी तुला मुंबईला नेतो, तो माणूस कसा राहतो ते तू तुझ्या डोळ्यांनी बघ आणि मग ठरव.

आणि ते खरोखर घेऊन गेले. घरातील बाकीचे विरोधात असताना बाप-लेक मुंबईला पोहोचले. ज्या मुलीने नोकरचाकर पाहिले होते, तिने पक्षाचे कम्यून पाहिले. लहान खोल्या, सामाईक जेवण, पुस्तकांचे ढीग, जेमतेम कपडे. इथे परीक्षा फक्त कैफींची नव्हती. मुलीचीही होती आणि वडिलांचीही. वडिलांनी विचारले, आता काय म्हणतेस? मुलीचे उत्तर होते की हा माणूस मजूर असता तरी मी याच्याशीच लग्न केले असते आणि याच्याबरोबर कामाला गेले असते. यहया खान यांनी शब्द पाळला.

23 मे 1947 रोजी मुंबईत सज्जाद जहीर यांच्या घरी निकाह झाला. त्यातही एक अडचण निघाली. मुलगा शिया, मुलगी सुन्नी. दोन काझी बोलवावे तर तेवढे पैसे कुणाजवळ नव्हते. मित्रांनी मुलाला हनफी सांगून एकाच काझीवर भागवले. पुढे रेड फ्लॅग हॉलमध्ये आठ कुटुंबे, प्रत्येकाला एक खोली आणि सर्वांत मिळून एक न्हाणीघर, असा संसार झाला. शौकत यांनी पृथ्वी थिएटर आणि इप्टाच्या नाटकांत काम करून घराला हातभार लावला. 'गर्म हवा', 'उमराव जान', 'सलाम बॉम्बे' या चित्रपटांत त्यांना आपण पाहिले आहे. 2002 मध्ये कैफी गेले, तेव्हा त्यांच्या सहजीवनाला पंचावन्न वर्षे होत होती. कन्या शबाना आझमी यांना तर सारा देश ओळखतो.

यहया खान यांनी काय वेगळे केले? ते काही डोळे झाकून हो म्हणाले नाहीत. त्यांना चिंता होती आणि ती रास्त होती. चाळीस रुपयांत संसार होत नाही, हे त्यांनाही कळत होते. त्यांनी एवढेच केले की नकार द्यायच्या आधी प्रवासाचे तिकीट काढले. आणि समोरच्या माणसाला आपल्या दिवाणखान्यात बोलावून कडेवर बसवण्याऐवजी ते त्याच्या खोलीत जाऊन बसले. स्वतःच्या घरात माणूस घाबरत नाही. तो जसा आहे तसा दिसतो.

कुफू आणि मर्जी

काही जण इथे 'कुफू'चा दाखला देतील. कुफू म्हणजे दोन्ही बाजूंची जोड, बरोबरी. फिकहच्या ग्रंथांत त्यावर चर्चा आहे आणि जगण्याच्या रीती फार वेगळ्या असल्या तर संसार अवघड जातो, हा त्यातील व्यवहार खराच आहे. पण आपण या शब्दाचा अर्थ सातबाऱ्यापुरता करून टाकला. त्याच परंपरेत खनसा बिन्त खिदाम यांची नोंद आहे. वडिलांनी मर्जीविरुद्ध निकाह लावला, त्या पैगंबरांकडे (स.) गेल्या आणि तो निकाह रद्द ठरवला गेला. सहीह बुखारीत हे आलेले आहे. वडिलांनी पारखून घ्यावे, पण मुलीचे मन न विचारता ठरवू नये, एवढे तर त्यातून कुणालाही समजावे. आपले हिंदू शेजारी 'सोयरीक' म्हणतात, आम्ही 'रिश्ता' म्हणतो. दोन्ही शब्दांत नाते आहे, मालमत्ता नाही.

आपल्या तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडतात. अठरा धान्ये, पाण्याची घागर, पापड, पुऱ्या. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला पाऊसपाण्याचे आणि पिकांचे भाकीत ऐकायला दूरदूरचे शेतकरी येतात. जावई कसा निघेल किंवा सून कशी नांदेल, याचा घट मात्र कुणी मांडलेला नाही. तिथे जाऊन पाहणे, बोलणे आणि वेळ देणे एवढेच हातात आहे.

रमजानमध्ये त्याची सोयही आहे. ज्या घराबद्दल मनात शंका आहे, त्या घराला इफ्तारला बोलवा, किंवा त्यांनी बोलावले तर जा. मुस्लिम असोत की नसोत, पाहुणे दस्तरखानावर सगळ्यांबरोबर खालीच बसतात. अजान होईपर्यंत बडा असो की लहान, सारेच समोरच्या खजुराकडे पाहत थांबलेले असतात. दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसाला फार ऐट करता येत नाही. सोयरीक जुळेल किंवा जुळणार नाही. पण नकार द्यायचाच झाला, तर तो अशा माणसाला द्या ज्याच्याबरोबर तुम्ही एकदा तरी रोजा सोडला आहे. मग शब्द आपोआप जपून येतात.