कुंपण ओलांडणारी झाडे

पावसाळा सुरू झाला की गावोगावच्या नर्सऱ्यांत गर्दी होते. कुणाला दारात दोन कुंड्या ठेवायच्या असतात, कुणाला अंगणाला हिरवे कुंपण हवे असते. शाळेच्या आवारात, मशिदीच्या वाटेवर, कब्रस्तानात चार रोपे लावायची असतात. झाड लावणे ही नेकी आहे, हे आपल्या घरांत लहानपणापासून शिकवले जाते. पण कोणते झाड लावायचे, हे आपण क्वचितच विचारतो. 'फूल छान येते, पाणी कमी लागते, भराभर वाढते' एवढे नर्सरीवाल्याने सांगितले की रोप पिशवीत येते. यातले 'भराभर वाढते' हे मात्र जरा थांबून ऐकले पाहिजे.

शोभा म्हणून आली, डोईजड झाली

नदी-तलावांवर पसरलेली जलपर्णी आपण सर्वांनी पाहिली आहे. उर्दूत तिला जलकुंभी म्हणतात. ती मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. तिची फिकट जांभळी फुले लोकांना आवडली आणि बागांतल्या हौदांची शोभा म्हणून ती देशोदेशी नेली गेली. बंगालमध्ये तर ती इतकी माजली की भातखाचरे भरून गेली, होड्या अडल्या आणि १९३६ साली तिच्यासाठी खास कायदा करावा लागला. आज पुण्याजवळच्या पवना आणि इंद्रायणी, कल्याणची उल्हास नदी, मुंबईचा पवई तलाव, सगळीकडे ती आहे. सांडपाण्याचे खत मिळाले की दोन आठवड्यांतसुद्धा ती दुप्पट होते. खालच्या पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे मरतात, डास वाढतात. ती काढण्यासाठी पालिका दरवर्षी पैसे खर्च करतात आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा हजर असते.

घाणेरीची कहाणी अशीच आहे. कुणी तिला टणटणी म्हणतात. एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी फुले असलेली ही झुडपे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत आणली. तिची काळी फळे बुलबुलांनी खाल्ली आणि बिया रानोमाळ नेल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, भारतात वाघांचा वावर असलेल्या प्रदेशातले सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर जंगल, म्हणजे तिथल्या जंगलाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग, घाणेरीने व्यापला आहे. तिच्याखाली गवत उगवत नाही आणि तिचा पाला गुरांना विषारी आहे.

तिसरे नाव तर आपल्याच बोलीतले आहे. बेशरम! कितीही तोडा, फांदी जिथे पडेल तिथे पुन्हा उगवते, म्हणून हे नाव. हेही अमेरिकेतून आलेले, फिकट गुलाबी फुलांचे आणि कुंपणाला सोयीचे. विदर्भ-मराठवाड्यातल्या ओढ्याकाठी त्याची दाटी दिसते. शेळ्या एरवी त्याला तोंड लावत नाहीत. उन्हाळ्यात चारा संपला की मात्र खातात, मग त्यांना चटक लागते, त्या खंगतात, चाल डगमगते आणि शेवटी दगावतात.

किंमत कोण मोजतो, ते इथे लक्षात घ्यावे. कुंपण लावणारा एक आणि नुकसान सोसणारा दुसराच. चार शेळ्यांवर घर चालवणारी बाई, गायरानावर गुरे नेणारा गुराखी, तलावात जाळे टाकणारा भोई, यांनी त्या फुलांची हौस कधी केलेली नसते. कुंडीतले झाड आपले खरे, पण त्याचे बी कुंपणापलीकडे गेले की तिथे शेजाऱ्याच्या हक्काचा प्रश्न सुरू होतो.

परके म्हणजे वाईट नव्हे

इथे एक गैरसमज टाळायला हवा. मिरची, टोमॅटो, पेरू, पपई, काजू आणि आपला झेंडूसुद्धा अमेरिकेतूनच आला. त्यांनी कुणाचे रान गिळले नाही. २०२३ साली जैवविविधतेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंचाने दिलेल्या अहवालानुसार, माणसाने जगभर नव्या ठिकाणी नेऊन रुजवलेल्या वनस्पती आणि प्राण्यांच्या जाती ३७ हजारांहून अधिक आहेत. त्यांतल्या सुमारे साडेतीन हजार घातक ठरल्या, म्हणजे साधारण दहात एक. झाड कुठून आले हा मुद्दा नाही. आपण पाणी घातले नाही तरी ते वाढते का आणि दुसऱ्याला वाढू देते का, हे पाहायचे.

या कसोटीवर सध्या दोन झाडांकडे लक्ष ठेवले पाहिजे. पहिले पिवळे-केशरी कॉसमॉस. मेक्सिकोचे हे बागेतले फूल आता पुण्याच्या टेकड्यांवर आणि सह्याद्रीतल्या रस्त्यांकडेला पसरते आहे. लोक त्यात उभे राहून फोटो काढतात, पण त्याने जागा व्यापली की गुरांच्या चाऱ्याचे गवत मागे हटते. दुसरे वेडेलिया. लॉनऐवजी लावायला म्हणून नर्सरीत ते स्वस्तात मिळते. जमिनीवर सरपटणाऱ्या त्याच्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी जातींच्या एका प्रसिद्ध यादीत त्याचे नाव आहे. त्याच यादीत घाणेरी आणि जलपर्णीही आहेत.

घरात काय करता येईल?

१. विचारून घ्या. या झाडाचे बी आपोआप पसरते का? तुटलेली फांदी पुन्हा रुजते का? गुरे ते खातात का? आम्ही शाळेत मुलांना हेच तीन प्रश्न पाठ करायला सांगतो. उत्तर मिळाले नाही तर दुसरे रोप निवडावे.

२. छाटलेले कुठे टाकता ते पाहा. मनी प्लांटच्या वेली, वेडेलियाचे तुकडे, बिया धरलेली फुले नाल्याकाठी किंवा टेकडीवर टाकू नयेत. फरशीवर उन्हात कडकडीत वाळवावे. बिया धरलेला भाग खताच्या खड्ड्यातही टाकू नये.

३. पाण्यातली झाडे पाण्यात सोडू नका. टबातली जलपर्णी किंवा माशांच्या टाकीतली वनस्पती ओढ्यात, विहिरीत, तलावात रिकामी करू नये. जास्तीची झाली तर बाहेर काढून वाळवावी.

४. कुंडीची माती तपासा. नर्सरीच्या मातीतून आणि कच्च्या शेणखतातून गाजरगवताचे बी येऊ शकते. पहिले काही आठवडे जे उगवेल ते पाहावे आणि नको ते फुलण्याआधी उपटावे. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास वाढतो. म्हणून हातमोजे घालावेत आणि हे काम मुलांना देऊ नये.

मग लावायचे काय?

आपल्या आजी-नानींना हे माहीत होते. कुंपणाला मेहंदी असे. ईदला पाने तोडून वाटली की घरातल्या सगळ्या मुलींचे हात रंगत. अडुळसा आणि निरगुडी यांना शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, कुंपण टिकते आणि खोकल्याला, शेकायला पालाही मिळतो. सुगंधासाठी मोगरा, जाई, जुई, पारिजात आहेत. कबरीवर सबजा लावण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. कब्रस्तानाच्या कडेला सावलीसाठी कडुनिंब किंवा बकुळ लावावा. तिथे आधीच घाणेरी माजली असेल तर नुसती कापून उपयोग नाही, बुंध्यातून पुन्हा फुटवा येतो. पावसाने जमीन मऊ असताना, फळे धरण्याआधी ती मुळासकट खणून काढावी, मोकळ्या जागी लगेच दुसरी रोपे लावावीत आणि पुढची दोन-तीन वर्षे नवे अंकुर उपटत राहावे. जमातीतल्या तरुणांनी दोन रविवार दिले तर लहान कब्रस्तानाचे मोठे काम उरकते.

नर्सरीवाला गिऱ्हाईक मागेल ते ठेवतो. दहा घरांनी वेडेलिया नको, मेहंदी द्या म्हटले, तर पुढच्या पावसाळ्यात त्याच्याकडे मेहंदीचे वाफे दिसतील. यंदा रोपे आणायला जाल तेव्हा मुलांना सोबत न्या आणि ते तीन प्रश्न त्यांनाच विचारू द्या.