कडब्याला कुणी विचारत नाही

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बी ज्वारीची काढणी अजूनही बहुतांशी हातांनीच होते. ताट मुळासकट उपटायचं, रानात आडवं टाकून वाळवायचं, कणसं मोडायची आणि उरलेल्या ताटांच्या पेंढ्या बांधायच्या. दाणा क्विंटलवर विकला जातो, पेंढी शेकड्यावर. दुष्काळी साली कडब्याचे पैसे दाण्याच्या तोडीस येतात, हे सोलापूर, बीड, नगरकडचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. शेती आणि जनावरं या दोन्ही खात्यांच्या कागदांत मात्र कडब्याला स्वतःची अशी जागा नाही.

या विसंवादाची सुरुवात जुनी आहे. 1964 मध्ये सीएसएच-1 हा भारतातला ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. दाणा भरघोस, ताट बुटकं. देशाला तेव्हा धान्य हवंच होतं, त्यामुळे त्या संशोधकांना दोष देता येत नाही. पण वाण जोखण्याचा मुख्य निकष दाणा ठरला आणि गोठा हिशोबाबाहेर गेला. रब्बीत मात्र शेतकऱ्यानं 1930 च्या दशकात मोहोळला निवडलेली मालदांडी सोडली नाही. भाकरी गोड, ताट उंच आणि जनावर आवडीनं खातं, म्हणून ती टिकली.

आज देशात ज्वारीचं क्षेत्र 40 लाख हेक्टरच्या आसपास आहे. 1970 च्या सुमारास ते 1 कोटी 80 लाखांच्या घरात होतं. महाराष्ट्रात तिची जागा बऱ्याच ठिकाणी सोयाबीननं आणि उसानं घेतली. सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर नाही. उसाचे वाढे हिरवेगार दिसतात, पण त्यांत ऑक्झलेट असतं. ते चुन्याशी, म्हणजे कॅल्शियमशी बांधलं जातं आणि नुसत्या वाढ्यांवर ठेवलेलं दुभतं जनावर आतून पोखरत जातं. 2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळात चारा छावण्यांतल्या लाखो जनावरांची भिस्त याच उसावर होती.

दुसरीकडे 2023-24 मध्ये देशाचं दूध उत्पादन सुमारे 23.9 कोटी टनांवर पोचलं. जगात आपण पहिले आहोत, आणि हे श्रेय लहान शेतकऱ्याच्या दावणीचं आहे. त्या दावणीपुढे काय पडतं, हा खरा प्रश्न. निकृष्ट चारा खाणाऱ्या गाईच्या प्रत्येक लिटर दुधामागे मिथेन वायूही जास्त निघतो. म्हणजे चाऱ्याचा कस वाढला तर शेतकऱ्याचं आणि हवामानाचं, दोघांचं भलं होतं.

हा कस बाजाराला कळतो. हैदराबादच्या चारा बाजारात आंतरराष्ट्रीय संस्थांच्या संशोधकांनी ज्वारीच्या कडब्याचे नमुने तपासले. पचनीयतेत जेमतेम 5 टक्के-अंकांचा फरक, पण दरात पाव हिश्श्याहून अधिक तफावत! प्रयोगशाळा नसताना व्यापाऱ्यानं आणि गवळ्यानं नुसतं बघून, हाताळून कस ओळखला होता. माझ्या मते या विषयावरचा हा सर्वांत मोलाचा पुरावा आहे. राहुरी विद्यापीठाचे फुले वसुधा, फुले रेवती, परभणीचा परभणी मोती हे वाण दाणा आणि कडबा दोन्ही देतात. वाण प्रसारित करताना पचनीयतेचा आकडाही तितक्याच ठळकपणे छापायला काय हरकत आहे?

कडबा खाणारं जनावरही कमी झालं. 2019 च्या पशुगणनेत राज्यातली गोवंशाची संख्या सात वर्षांत सुमारे 10 टक्क्यांनी घटलेली दिसली. ट्रॅक्टर, बैल सांभाळण्याचा खर्च, 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानं थांबलेली म्हाताऱ्या बैलांची कत्तलीसाठीची विक्री, अशी कारणं अनेक. परिणाम मात्र रानाला सोसावा लागतो: शेणखत कमी झालं. दिवाळीनंतर माण-फलटणकडून कोकणात उतरणारे धनगर वाटेत रानारानांत मेंढ्या बसवतात. मेंढ्यांच्या त्या लेंडीखतासाठी शेतकरी आजही धान्य आणि पैसे मोजतात.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष भाकरीच्या कौतुकात गेलं. पण ज्वारी सोडणाऱ्या शेतकऱ्याला विचारलं, तर तो आधी काढणीच्या मजुरीचं सांगतो. ताट उपटायला माणूस मिळत नाही, आणि धान्यासाठी बनवलेलं मोठं यंत्र रानात घातलं तर कडब्याची नासाडी होते. उंच ताट न चुरडता काढून पेंढी बांधून देणारं, दोन-चार एकरवाल्याला भाड्यानं परवडेल असं यंत्र गावोगावी पोचवण्यावर कृषी विद्यापीठांनी आणि अवजारं बनवणाऱ्यांनी आता जोर लावायला हवा, आणि अनुदानाचा पहिला हक्क त्याला द्यायला हवा.