अतिरिक्त कार्यभार

संध्याकाळी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत पाळी बदलते, तेव्हा रस्त्यावर तीन तऱ्हेची माणसे एकदम दिसतात. कानात मागाचा खडखडाट घेऊन बाहेर पडणारे कामगार, त्यांच्या जागी आत शिरणारे कामगार, आणि पाठीला सॅक अडकवून रिक्षातून उतरणारी कॉलेजची मुलेमुली. पहिल्या दोघांच्या प्रकृतीसाठी, पाळला जावो न जावो, कारखान्यांचा कायदा तरी आहे. तिसऱ्यांची प्रकृती कोणाच्या खात्यावर, हे मी गेली काही वर्षे जमेल तिथे विचारत आलो आहे. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते ते एका सहीचे आणि दोन शब्दांचे : अतिरिक्त कार्यभार.

कॉलेजात 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी असते. खोलीची किल्ली ऑफिसात असते. कक्षाचे प्रमुख मानसशास्त्राचे किंवा शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक असतात. त्यांच्याकडेच राष्ट्रीय सेवा योजना, रॅगिंगविरोधी समिती आणि परीक्षेचे काहीतरी काम असते. माणूस भला असतो, मुले त्याच्याकडे येतातही. पण ती त्याच्या स्वभावामुळे येतात, आणि त्याची बदली झाली की व्यवस्थाही त्याच्याबरोबर जाते. विद्यार्थ्यांच्या आरोग्याचे नेतृत्व कोणी करायचे, हा प्रश्न मला डॉक्टर नेमण्याच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो तो यासाठी.

माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षी वैद्यकीय तपासणी झाली होती. उंची, वजन, छाती फुगवून आणि न फुगवता. डॉक्टरांनी मान वर न करता विचारले, "काही त्रास?" मागे साठ पोरांची रांग. मी म्हणालो, "नाही." फळ्यावरची अक्षरे मला दिसत नव्हती, आणि ती दिसत नाहीत हा त्रास असतो हेच मला ठाऊक नव्हते. चष्मा लागला दोन वर्षांनी. कार्डावर मात्र माझी प्रकृती उत्तम होती.

ही मापे घेण्याची हौस बरीच जुनी आहे. अमेरिकेतील अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात विद्यार्थ्यांच्या प्रकृती ढासळू लागल्याने तिथल्या अध्यक्षांना काळजी वाटू लागली, आणि १८६१ मध्ये डॉ. एडवर्ड हिचकॉक यांना आरोग्य व व्यायामाचे प्राध्यापक म्हणून नेमले गेले. कॉलेजमधल्या आरोग्यसेवेचा इतिहास साधारण इथून मोजतात. हिचकॉक यांनी पुढे अनेक दशके मुलांची मापे घेतली. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते वेगळेच : त्यांना प्राध्यापकाचा दर्जा होता आणि हेच त्यांचे मुख्य काम होते. प्रिन्स्टनमध्ये १९१० मध्ये विद्यार्थ्यांच्या मनाच्या आरोग्यासाठी स्वतंत्र सेवा सुरू झाली. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठाने १९२० मध्ये विद्यार्थी कल्याण योजना काढून मुलांची तपासणी हाती घेतली. म्हणजे ही कल्पना आपल्याला नवी नाही, शंभर वर्षांची आहे.

महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी कल्याण मंडळ होते. २०१६ च्या कायद्यात त्याचे विद्यार्थी विकास मंडळ झाले; त्याला संचालक असतो. नाव बदलले, पण मंडळ म्हटले की विद्यार्थ्यांना आठवतो तो युवा महोत्सवच. महोत्सवाला माझा विरोध नाही. मूकनाट्य आणि लोकनृत्य यांनी जितक्या मुलांना सावरले तितके कित्येक समुपदेशकांनी सावरले नसेल. पण महोत्सव वर्षातून एकदा असतो, आणि माणसाची झोप उडायला ठरावीक तारीख लागत नाही.

आता सोलापूर. १ ऑगस्ट २००४ रोजी विद्यापीठ झाले. त्याआधी आपली कॉलेजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती. एकाच जिल्ह्यापुरते विद्यापीठ ही तेव्हा नवलाई होती. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. परिसर केगावला, पुणे महामार्गावर. नकाशा डोळ्यांपुढे आणा : केगाव शहराच्या एका टोकाला, अक्कलकोट रोड एमआयडीसी दुसऱ्या टोकाला, आणि बहुसंख्य विद्यार्थी या दोन्हींच्या मधल्या संलग्न कॉलेजांत. केगावच्या परिसरात कितीही सुसज्ज आरोग्य केंद्र उभारले, तरी एमआयडीसीजवळच्या नीलम नगरातली मुलगी डोके दुखते म्हणून दोन रिक्षा बदलून तिथे जाणार नाही. एका परिसराच्या विद्यापीठाचे आरोग्य केंद्र आणि संलग्न कॉलेजांच्या विद्यापीठाची आरोग्यसेवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशी विद्यापीठांच्या नकला करताना आपण हे विसरतो. तिथे बरीच मुले परिसरातच राहतात. इथे ती आईबापांच्या दोन खोल्यांत राहतात.

त्या दोन खोल्यांत काय चालते ते या भागाला सांगायला नको. बाप किंवा भाऊ यंत्रमागावर, टॉवेलच्या नाही तर चादरीच्या कारखान्यात. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, पान कापते, हजाराचा हिशेब धरते. त्यातल्या काही कारखान्यात छाट म्हणून बाजूला पडतात. घरात तंबाखूचा उग्र वास, कारखान्यात सुताची धूळ. बारा तासांच्या पाळीतला माणूस ज्या वेळी झोपतो, त्या वेळी पोराला मोठ्याने वाचता येत नाही. या घरांत भाषा तेलुगू, गल्लीत कानडी आणि उर्दू, वर्गात मराठी, पुस्तकात इंग्रजी. पाच भाषांत वावरणारे हे विद्यार्थी 'मला बरे वाटत नाही' हे नेमके कोणत्या भाषेत म्हणतात, हे ज्याला कळले त्याने निम्मे काम केले असे मी समजतो.

आणि कॉलेजात जाणारी ही पहिलीच पिढी आहे. पद्मशाली शिक्षण संस्थेच्या बुर्ला महिला महाविद्यालयासारख्या कॉलेजांमुळे या वस्तीतल्या मुली पदवीपर्यंत पोचल्या. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ झाले. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे. दार उघडले. आत आल्यावर जे होते त्याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही : रिकाम्या पोटी पहिला तास, मासिक पाळीच्या दिवसांत बंद असलेले स्वच्छतागृह, रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. वर्गात 'लक्ष नाही' म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलींपैकी किती जणींचे हिमोग्लोबिन कोणी पाहिले असेल? मनाच्या आरोग्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी हे पाहावे, असे माझे जरा एकांगी मत आहे.

तरीही मनाचे आकडे डावलता येत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला. त्यांत महाराष्ट्रातले १,७६४, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. आपण राजस्थानातल्या कोटा शहराच्या बातम्या वाचून हळहळतो आणि यादीत पहिले नाव आपले असते.

कागदावर उपाय कमी नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्येच सांगितले होते की पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक-समुपदेशक असावा. एप्रिल २०२३ मध्ये आयोगाने शारीरिक तंदुरुस्ती, खेळ, आरोग्य आणि मानसिक स्वास्थ्य यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, विद्यार्थी सेवा केंद्र उभारा म्हटले. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्या. एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. २५ जुलै २०२५ च्या निकालात न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या पीठाने, कायदा होईपर्यंत बंधनकारक राहतील अशी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे. सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे.

पंचविसांमागे एक शिक्षक ही सूचना आपल्या कॉलेजांत 'मेंटॉर-मेंटी' म्हणून पोचली, तिची गंमत सांगतो. कॉलेजांचे मूल्यमापन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांपैकी पाचवा विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या आधाराचा. समिती यायच्या आठवड्यात रजिस्टरे बाहेर निघतात आणि तीन वर्षांच्या भेटी एका शाईत लिहिल्या जातात. 'विद्यार्थिनीस अभ्यासाबाबत मार्गदर्शन केले' हे वाक्य महाराष्ट्रात किती हजार वेळा लिहिले गेले असेल! यात शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, स्वतःच्याच पुढच्या वर्षाची खात्री नसलेल्या माणसाला आपण पंचवीस जणांचा आधार व्हायला सांगतो.

मग विद्यार्थ्यांच्या आरोग्यसेवेचा प्रमुख नेमका काय करतो? तो स्वतः बरे करत नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. तो वाट बांधतो. शिक्षकाच्या लक्षात आले की अमुक मुलगा तीन आठवडे आला नाही, तर पुढचा फोन कोणाला. कक्षातल्या कार्यकर्तीला वाटले की हे आपल्या आवाक्याबाहेर आहे, तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात कोणाच्या नावाने चिठ्ठी. आणि चिठ्ठी दिल्यावर तो तिथे पोचला का, हे दोन दिवसांनी कोणी विचारायचे. यातला तिसरा टप्पा जवळजवळ सगळीकडे गळतो. चिठ्ठी देऊन झाली म्हणजे कर्तव्य झाले, असे आपण मानतो.

दुसरे काम गुपित राखण्याचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण ज्या गल्लीत कोणाच्या घरी कोणता डबा आला हेही कळते, तिथे समुपदेशन कक्ष प्राचार्यांच्या केबिनला लागून ठेवला तर त्यात कोण पाऊल टाकील? अठरा पूर्ण झालेल्या मुलीने सांगितलेली गोष्ट घरी फोन करून कळवायची नाही, आणि कनिष्ठ महाविद्यालयातल्या सतरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला असेल तर ती दडवायचीही नाही. ही रेघ कुठे ओढायची ते आधीच लिहून ठेवावे लागते. प्रसंग आल्यावर शोधायला गेले की चूक होते.

तिसरे काम संकटाच्या दिवसाचे. १८ मे २०२५ रोजी पहाटे याच एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण गेले. अशा दिवशी आपले किती विद्यार्थी त्या परिसरात राहतात, कोणाचे वडील कुठल्या पाळीला होते, हे कॉलेजला तासाभरात सांगता आले पाहिजे. आपण प्रवेश अर्जावर पत्ता लिहून घेतो तो फक्त टपालासाठी.

पैशाचे रडगाणे खरे आहे, पण पूर्ण खरे नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल झालेल्याचा खर्च उचलते. तासभर बसून कोणाचे ऐकून घेण्याचा खर्च तिच्यात बसत नाही. मात्र १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानसची १४४१६ ही मोफत सेवा वीस भाषांत चालते, त्यांत मराठी, तेलुगू, कानडी तिन्ही आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल २०१२ पासून फोनवर आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात उभी केलेली आयपीएच ही संस्था मराठीत मनाबद्दल बोलायची रीत घडवून बसली आहे. जवळचेच पाहायचे तर कुंभारी. गोदुताई परुळेकर यांच्या नावाची विडी कामगार महिलांची दहा हजार घरे तिथे २००६ मध्ये उभी राहिली, शेजारी रे नगरची पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी ताब्यात दिली गेली, आणि त्याच कुंभारीत अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विद्यार्थी, घरे आणि डॉक्टर एकाच रस्त्यावर असताना मधला दुवा सांधायचे काम कोणाच्याही नेमणूकपत्रात नाही.

१० ऑक्टोबर ही तारीख सोलापूरकराने जरा थांबून वाचावी. तो जागतिक मानसिक आरोग्य दिन, आणि १९१० साली याच तारखेला डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापुरात जन्मले. चीनमध्ये युद्धभूमीवर रुग्णालय चालवताना, शिकवताना, शस्त्रक्रिया करताना त्यांनी स्वतःच्या अपस्माराकडे पाहिले नाही आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी ते गेले. आपण त्यांच्या त्यागाबद्दल बोलतो, तो होताच. मला मात्र दरवेळी वाटते, त्यांच्या वरच्या कोणीतरी त्यांना सक्तीने रजेवर पाठवायला हवे होते. सेवा चालवणाऱ्याच्या कामात हेही येते : दिवसभर दुसऱ्यांचे ऐकणारी जी कार्यकर्ती आहे, तिचे कोण ऐकते ते पाहणे, आणि गरज पडली तर तिला घरी पाठवणे.

मला विचाराल तर सुरुवात केगावला करू नका. नीलम नगर किंवा सुनील नगरात एखाद्या सार्वजनिक मंडळाच्या हॉलमधली एक खोली दोन संध्याकाळी भाड्याने घ्या. समाजकार्याची पदवी असलेली, तेलुगू बोलणारी एक बाई नेमा, मानधनावर नव्हे, पगारावर. वजनकाटा, हिमोग्लोबिन तपासायचे साधन, डोळे तपासायचा तक्ता आणि बिस्किटाचा पुडा. आसपासच्या सगळ्या कॉलेजांनी मिळून खर्च वाटून घ्या, आणि विद्यार्थी विकास मंडळाच्या संचालकांनी महिन्यातून एकदा स्वतः तिथे येऊन बसावे, उद्घाटनाला नव्हे, साध्या मंगळवारी. वेळ पाळी सुटल्यानंतरची ठेवा, म्हणजे बापालाही डोकावता येईल. खोलीला एकच अट : दाराला कडी हवी, आणि ती आतून लागली पाहिजे.